अमेरिकेत वर्षानुवर्षं कागदपत्रांविना राहणाऱ्यांना ग्रीन कार्डची वाट द्यावी का?

ऋतुगंध (न्यू जर्सी)
'कायदेशीर मार्गाने या ना!' आपल्या मंडळींच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. पण इथे आधीच असलेल्या माणसाला तो मार्ग उरलाय का? कायद्यात 'रजिस्ट्री' नावाची जुनी तरतूद आहे. ठरावीक तारखेच्या आधीपासून सलग इथे राहणाऱ्या, वर्तणूक चांगली असलेल्या माणसाला व्हिसा नसतानाही ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मागता येतं. ती तारीख आहे १ जानेवारी १९७२! १९८६ मध्ये ती ठरली तेव्हा चौदा वर्षांचं वास्तव्य पुरत होतं, आज पन्नासच्या वर लागतं. ही तारीख दरवर्षी आपोआप पुढे सरकायला हवी. वीस वर्षं राहिलात, तर अर्ज करा.

खडकवासला
साफ विरोध. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलो, कर भरले, नियम पाळले. भारतात जन्मलो म्हणून ग्रीन कार्डच्या रांगेत, देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेत अडकलोय. मुलगी २१ची झाली की तिचा डिपेंडंट दर्जा संपणार. लहानपणी इथे आणलेल्या विनाकागद मुलांना हद्दपारीपासून वाचवणाऱ्या २०१२ च्या 'डाका' योजनेत अट काय होती? १५ जून २०१२ रोजी वैध दर्जा नसावा! म्हणजे नियमाने राहिलेल्यांचीच मुलं बाहेर. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीच्या माफीने सुमारे २७ लाख विनाकागद लोक कायम झाले. आज विनाकागद लोक एक कोटीच्या वर आहेत. माफीने प्रश्न सुटला कुठे?

ऋतुगंध
तुमच्या मुलीवर अन्यायच होतोय. पण तो हॉटेलात भांडी घासणाऱ्याने केलेला नाही. रजिस्ट्रीला वार्षिक कोटा लागू नाही, त्यामुळे तुमची रांग एका माणसानेही वाढत नाही.

निशिगंध
'लग्न केलं की सुटतं' हा गैरसमजही काढून टाका. व्हिसावर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्याला नागरिक जोडीदारामार्फत बहुतेकदा इथेच अर्ज करता येतो. सीमा चोरून ओलांडलेल्याला सहसा देश सोडून वकिलातीत जावं लागतं, आणि तिथेच मेख आहे. १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून जास्त अवैध राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा. सूट मागता येते, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे वा आई-वडिलांचे पराकोटीचे हाल दाखवावे लागतात. मुलांचे हाल त्यात धरतच नाहीत! मग कोण बाहेर पडेल? बंदीच्या धाकाने माणसं इथेच अडकून राहतात.

दख्खनी
आणि गावाकडचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानातून १०४ जणांना बेड्या घालून अमृतसरला आणलं. त्यात महाराष्ट्रातलेही होते. 'डंकी'चे, म्हणजे चोरट्या मार्गाने परदेशी पोचवणारे, एजंट लोकांना जमिनी विकायला लावतात. 'तिकडे पोच, पुढे कागद होतात' हेच त्यांचं भांडवल. तुमची सरकती तारीख त्यांच्या आयती हातात पडेल.

ऋतुगंध
वीस वर्षं लपून राहा, असं सांगून कुठल्या एजंटचा धंदा चालेल? त्याची गिऱ्हाइकं उद्याच्या कमाईच्या आशेवर जमीन विकतात. एजंटांना तिकडे, महाराष्ट्रात पकडा. त्यासाठी इथल्या म्हाताऱ्या कामगाराला का कोंडायचं?

खडकवासला
रांग वाढत नसेल तर तेवढा आक्षेप मागे घेतो. पण आधी २१ वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांना संरक्षण, मग रजिस्ट्री. क्रम उलटा असेल तर माझा विरोध कायम.