रोजच्या टर्बो गाडीला २७२ चे कॅम: ‘ट्यूनिंगमध्ये सांभाळता येतं’ हे मला मान्य नाही

चौथा_गिअर:
परवा एका नव्या सभासदाने विचारलं होतं: टर्बो कंपनीचाच आहे, गाडी रोज ऑफिसला नेतो, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) कोणते घेऊ? त्याला उत्तर मिळालं, ‘टर्बो आहे ना, थेट २७२ टाक. स्लो (आयडलिंग) ट्यूनिंगमध्ये सांभाळता येतो.’ (२७२ म्हणजे क्रँक २७२ अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारे कॅम.) दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कंपनीचा छोटा टर्बो वरच्या आरपीएमला स्वतःच गुदमरतो. टर्बाइनच्या आधीचा दाब बूस्टच्या (टर्बोने आत ढकललेल्या हवेच्या दाबाच्या) दुप्पटही होतो. तेव्हा इनटेक आणि एग्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असले (ओव्हरलॅप) की जळलेला वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरतो, ताज्या हवेची जागा खातो आणि नॉकिंगला (इंधन अवेळी पेटण्याला) आमंत्रण देतो. खालच्या आरपीएमला इनटेक उशिरा बंद होतो, पिस्टन भरलेली हवा परत ढकलतो आणि टर्बो जागा व्हायला वेळ लागतो. खालचं गेलं, वरचं मिळालंच नाही.

मी हे आठ महिने भोगलंय. गर्दीत हाफ क्लचवर गाडी गचके खायची. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम स्लोवर इतका कमी की पार्किंगमध्ये ब्रेकचं पेडल दगडासारखं लागायचं. शेवटी कॅम काढले.

लालरेषा:
तो सल्ला माझा आहे, म्हणून उत्तर मीच देतो. तीन वर्षं २७२ वर रोज गाडी चालवतोय, एकदाही सिग्नलला बंद पडलेली नाही. पावसात, गर्दीत, एसी लावून.

तुम्ही नुसत्या आकड्याला घाबरता. एक उत्पादक व्हॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजतो, दुसरा १ मिमी उचलल्यावर. दोघांचे २७२ सारखे नसतात. आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एग्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन) कुठे गेलं? दोन्ही कॅम २७२ असतील, तर ११२ अंशांवर ओव्हरलॅप ४८ येतो, १०८ वर ५६. हे न सांगता ‘२७२ वाईट’ म्हणणं म्हणजे अर्धी माहिती.

चौथा_गिअर:
अर्धी माहिती कोणी दिली? त्या मुलाला तुम्ही सेपरेशन विचारलं होतं का? आणि तुमचा टर्बो कंपनीचा आहे का, तेही लिहा.

लालरेषा:
नाही, मोठा आहे. पण ॲडजस्टेबल गिअर (कॅम पुढे-मागे फिरवून बसवता येणारे) आहेत ना. इनटेक ४ अंश मागे, एग्झॉस्ट ४ अंश पुढे, ओव्हरलॅप ८ ने कमी. प्रश्न मिटला.

चौथा_गिअर:
इनटेक मागे नेला की त्याचं बंद होणंही ४ अंश लांबलं. ज्या पिकअपसाठी मी ओरडतोय, तोच आणखी गेला! मित्सुबिशीने २००५ च्या लान्सर इव्हो ९ मध्ये इनटेक कॅमला मायव्हेक (चालू इंजिनात कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) दिलं ते ह्यासाठीच. खाली एक टायमिंग, वर दुसरं. एका जागी घट्ट बसवलेल्या गिअरने ते होत नाही.

पाना_बारा:
दोघेही कॅमसोबत येणाऱ्या कार्डावरचे आकडे वाचताय. कॅम इंजिनात प्रत्यक्ष कुठे बसलाय ते डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावून कोणी मोजलं? वीस वर्षं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडतोय, मोजून घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

लालरेषा:
पुलीवरच्या खुणा जुळवल्या की कॅम बसला. कंपनीत इंजिन तसंच जुळवतात.

पाना_बारा:
कंपनीच्या इंजिनाचं हेड घासलेलं नसतं. घासलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी होतं, कॅमचं टायमिंग मागे सरकतं. खुणा तरीही जुळलेल्याच दिसतात.

एक गाडी आली होती माझ्याकडे. दुसरीकडे कॅम बसवलेले. मालकाने चार महिने सेन्सर बदलले, तीनदा मॅप (इंजिनचं ट्यूनिंग) करून घेतला. उघडलं तर एग्झॉस्ट कॅम एक दात मागे. पुलीला ४८ दात, म्हणजे क्रँकचे १५ अंश. ओव्हरलॅप तेवढाच वाढलेला. स्लो थरथरतो, व्हॅक्यूम पडतो, ब्रेक कडक. हे वर कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय का?

चौथा_गिअर:
माझ्याकडे बोट दाखवताय ते कळलं. माझं काम माहितीतल्या माणसाने केलं होतं.

पाना_बारा:
माणूस चांगला असेल. मोजलं होतं का, एवढंच विचारतोय.

लालरेषा:
हो, आता सांगाच! आठ महिन्यांच्या त्रासावर माझ्या सल्ल्याला चुकीचं ठरवलंत.

चौथा_गिअर:
आवाज चढवू नका. नाही मोजलं. कॅम काढताना खुणाही पाहिल्या नाहीत, त्यामुळे आता कळायला मार्ग नाही. ब्रेकचं उदाहरण मागे घेतो. छोट्या टर्बोच्या मागच्या दाबाचं मागे घेणार नाही, कारण ते कोणाच्या बसवण्यावर अवलंबून नाही.

बकेट_टॅपेट:
व्हॉल्व्हच्या स्प्रिंगबद्दल कोणीच बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. ३४ मिमीच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर दीड बार बूस्ट म्हणजे सुमारे १४ किलोचा रेटा, व्हॉल्व्ह उघडायच्या दिशेने. त्यात जास्त लिफ्टचे (व्हॉल्व्ह जास्त उचलणारे) कॅम आणि जुन्या स्प्रिंग. माझी एक स्प्रिंग मोटरवेवर तुटली, व्हॉल्व्ह पिस्टनला लागला. नवं हेड घ्यावं लागलं.

लालरेषा:
स्प्रिंगचं बरोबर आहे, मी बदलल्या होत्या आणि सल्ल्यात लिहायचं राहिलं. टर्बो कंपनीचा आहे हे त्याने लिहिलं होतं आणि मी ते नीट वाचलं नाही, हेही मान्य. पण टर्बो बदलणार असेल तर माझं मत तेच.

नवा_चालक:
प्रश्न माझाच होता. टर्बो बदलणार नाही, म्हणून २७२ ची ऑर्डर थांबवली. माझं हेड मागच्या वर्षी घासलंय, तेव्हापासून पिकअप कमी वाटतो. आहेत तेच कॅम कुठे बसलेत ते आधी मोजतो. डायल गेज (उचल मोजणारा) कुठे टेकवायचा?

पाना_बारा:
बकेटवर (कॅम दाबतो ती व्हॉल्व्हवरची वाटी), व्हॉल्व्हच्या रेषेतच. तिरका लागला तर लिफ्ट चुकीची दिसते. त्याआधी टॉप डेड सेंटर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पिस्टन स्टॉपने (पिस्टनला अडवणारा खुंट) दोन्ही बाजूंनी फिरवून शोधा, पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका. कमाल लिफ्टच्या आधी आणि नंतर १ मिमी खाली कुठे येतं ते लिहा, त्याचा मध्य काढा. आकडे इथे टाका, मी बघतो.