जुन्या डिझेल एसयूव्हीचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणतात, बदलू का?

केळीबाग (रावेर तालुका)

रामराम मंडळी. २००९ ची डिझेल एसयूव्ही आहे, कॉमन रेल, बीएस ३ (प्रदूषणाचा जुना नियम), एमएच १९. नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर इथं कंपनी चांगली का वाईट यावरच सगळे भांडत बसतील. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलं, २०२९ पर्यंत कागद क्लिअर आहेत, इंजिन टाईट आहे, म्हणून विकायचं मनात नाही.

त्रास असा की दुपारच्या उन्हात गाडी चांगली तापली की चालता चालता बंद पडते. झटका नाही, धूर नाही, एकदम गप. मग चावी फिरवली तर सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन घेत नाही, आणि चावी टाकल्यावर इंजिन चेकचा दिवा लागायला पाहिजे तोही लागत नाही. बोनेट उघडून सावलीत तास दीड तास ठेवली की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. सावद्याच्या पुढे भर रस्त्यात केळीच्या ट्रकांच्या मधे बंद पडली तेव्हा घरचे म्हणाले आता बास.

जळगावच्या एका गॅरेजमधे दाखवली, त्यांनी स्कॅनर लावला, कनेक्ट झाला नाही, लगेच म्हणे ईसीएम मेला, नवा टाका, कोडिंगसकट पन्नासच्या आसपास जाईल. मी पण मोबाईलला जोडायचा ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला, तो तर गाडी थंड आणि चालू असताना पण कनेक्ट होत नाही. म्हणजे ईसीएम खरंच गेला का? पन्नास हजार घालू का नको?

वायरमन_धुळे

थांबा भो, पन्नास हजार खिशातच ठेवा अजून.

पहिलं म्हणजे तो मोबाईलचा स्कॅनर विसरा. आपल्याकडे एप्रिल २०१० पासून बीएस ४ गाड्यांना ओबीडी एक (गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून स्कॅनरला सांगायची पद्धत) आला आणि २०१३ पासून ओबीडी दोन, तुमची गाडी त्याच्या आधीची बीएस ३ आहे. सॉकेट तसाच दिसतो पण आत बहुतेक कंपनीची स्वतःची भाषा, सात नंबरच्या पिनवरची के लाईन (स्कॅनरशी बोलायची जुनी एकच वायर). स्वस्तातला स्कॅनर तिथं मुका बसतो. तो कनेक्ट झाला नाही यावरून ईसीएम मेला असं ठरत नाही. त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर असलेला गॅरेजवाला मोठा स्कॅनर पाहिजे, आणि गाडी थंड असताना तो लागतो का आणि बंद पडल्यावर लागतो का, दोन्ही बघायचं.

दुसरं, गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या दहातल्या बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) निघतो. पण क्रँक सेन्सर गेला तर इंजिन चेकचा दिवा चावी टाकल्यावर लागतोच. तुमचा दिवाच लागत नाही, म्हणून माझा डोळा ईसीएमच्या सप्लायवर आहे. आता मल्टिमीटर घ्या आणि गाडी बंद पडलेली असताना तपासा, थंड गाडीवर काहीच सापडणार नाही.

ईसीएमच्या कपलरवर (वायरींच्या प्लगवर) कायमचा बारा व्होल्ट येतो का, चावी टाकल्यावर चावीचा बारा येतो का. मेन रिले (ईसीएमला करंट सोडणारा स्विच) टक करतो का, त्याच्या कॉईलला अर्थ ईसीएमच देतो, म्हणजे टक झालं नाही तर एकतर ईसीएमला करंट नाही किंवा ईसीएमच झोपलाय. मग अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ईसीएमच्या अर्थ पिनला लावून सेल्फ मारा, ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थची वायर कुठंतरी खाल्लेली आहे. मागच्या उन्हाळ्यात शिरपूरची एक गाडी आली होती, अगदी अशीच, चेसिसला जिथं अर्थ टाईट केलेला त्याखाली गंज, पॉलिश पेपर मारला, नवा बोल्ट लावला, गेली.

एक प्रश्न, अलीकडे कॅरिअर किंवा बंपरचं वेल्डिंग केलं का गाडीवर? बॅटरी न काढता?

केळीबाग

वेल्डिंग नाही केलं. उंदीर मात्र आहेत, गाडी बागेतल्या शेडमधे उभी असते.

वायरमन_धुळे

मग हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपून बघा, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर आत जाते तिथं खास. आणि एक राहिलं, सेन्सरचा पाच व्होल्ट. ईसीएम सगळ्या सेन्सरला पाच व्होल्ट वाटतो, एक सेन्सर आत शॉर्ट झाला की तो सगळ्यांचा पाच व्होल्ट ओढून टाकतो आणि बिचारा ईसीएम उगीच बदनाम होतो. रेल प्रेशर सेन्सर (डिझेलच्या दाबाचा), पेडल, मॅप (हवेच्या दाबाचा), एकेक कपलर काढत जा, कोणता काढल्यावर पाच परत आला तो चोर.

इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या वायरीत मीटर खुपसू नका बरं का, तिथं ईसीएम बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज बनवून सोडतो.

पाचोरेकर

माझं मत वेगळं. एवढी डोकेफोड कोण करतं, कुर्ल्याहून जुना डबा (ईसीएम) आणा आणि लावा. भुसावळहून रात्री बसलं की सकाळी कुर्ल्याला. माझ्या भाच्याने त्याच्या गाडीचा तसाच आणला, नव्याच्या निम्म्यात पडला.

डबा_डॉक्टर (नाशिक)

@पाचोरेकर दादा, आणला ते ठीक पण लावल्या लावल्या चालू झाली का? मी हेच काम करतो म्हणून विचारतो. जुना ईसीएम दुसऱ्या गाडीच्या चावीला बांधलेला असतो, तुमच्या गाडीत टाकला की इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी लॉक) त्याला ओळखत नाही, सेल्फ फिरेल आणि इंजिन घेणार नाही.

पाचोरेकर

नाही झाली चालू, नंतर कोणाकडून तरी इमो ऑफ करून घेतला.

डबा_डॉक्टर (नाशिक)

तेच. इमो ऑफ म्हणजे साध्या कापलेल्या चावीने कोणीही घेऊन जाईल अशी गाडी. मी करत नाही, करू पण नका.

केळीबाग

सगळं तपासलं, पुतण्या आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे त्याने केलं, मी फक्त छत्री धरून उभा. गाडी बंद पडलेली असताना: कायमचा बारा येतोय, चावीचा बारा येतोय, अर्थ ०.०४, म्हणजे चांगला. मेन रिले टक करत नाही. रिलेच्या जागी फ्यूजवाली वायर लावून थेट सप्लाय दिला तरी दिवा नाही आणि सेन्सरचा पाच व्होल्ट पण नाही. सगळे सेन्सर काढून टाकले तरी शून्य. वायर कुठं कुरतडलेली दिसली नाही. ओळखीच्याचा मोठा स्कॅनर थंड गाडीवर लागला, गरम होऊन बंद पडल्यावर नाही लागला.

आते काय करानं?

वायरमन_धुळे

शाब्बास पुतण्या. आता एकच टेस्ट. सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालू करून उभी ठेवा आणि घरातला केस वाळवायचा ड्रायर फक्त ईसीएमच्या डब्यावर धरा, जरा लांबून, डबा हाताला गरम लागेल इतपत, वितळवू नका. इंजिन अजून कोमट आणि डबा गरम असताना बंद पडली तर मी पण मान्य करीन की ईसीएमच.

केळीबाग

पडली. टेंपरेचरचा काटा तळाला असताना बंद पडली.

डबा_डॉक्टर (नाशिक)

मग निदान पक्कं. आतला पॉवर सप्लायचा भाग किंवा सोल्डर गरमीने सुटतंय. मी क्रमाने असं करीन:

आधी रिपेअर विचारा. साधा बोर्ड असेल तर सोल्डर, कपॅसिटर, रेग्युलेटर बदलून डबा पुन्हा उभा राहतो, आणि डेटा तुमचाच राहतो म्हणून चावी, कोडिंग काही करावं लागत नाही. काही डब्यांत मात्र सिरॅमिकचा बोर्ड असतो, वर जेल आणि केसासारख्या ॲल्युमिनियमच्या तारा, तिथं सोल्डरिंग गन चालत नाही. असा निघाला आणि कोणी म्हणालं करून देतो, तर गॅरंटी लिहून मागा.

रिपेअर नाही झाला तर जुना डबा आणून क्लोन. म्हणजे तुमच्या डब्यातली फ्लॅश आणि ईईप्रॉम या दोन्ही मेमरी वाचून दुसऱ्यात लिहायची, मग गाडीला वाटतं तोच डबा आहे. त्यासाठी हार्डवेअर नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. बॉशचा डिझेलचा असेल तर लेबलवर ०२८१ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर बघा. दिसायला सारखा, कपलर बसतोय, एवढ्यावर घेऊ नका. आणि बिलाशिवाय तर नकोच, चोरीच्या गाडीचा माल निघाला तर पोलीस तुम्हाला विचारतील, विकणारा नाही सापडत.

नवा घेतला तर तो कोरा असतो. चावी मॅच करावी लागते, चेसिस नंबर टाकावा लागतो आणि चारही इंजेक्टरचे कोड टाकावे लागतात. हा कोड इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला असतो, कोणता इंजेक्टर किती डिझेल सोडतो त्याचा फरक ईसीएमला त्यावरून कळतो. गॅरेजवाले घाईत टाकत नाहीत, मग गाडी खडखडते, आयडलला थरथरते, धूर मारते, आणि मग इंजेक्टर बदला म्हणतात. पन्नासमधे हे सगळं धरलंय का ते आधीच विचारून घ्या.

काहीही करा, जुना डबा गॅरेजमधे सोडून येऊ नका. एक्सचेंजमधे द्या म्हणाले तरी, त्याची पूर्ण फाईल पेन ड्राईव्हवर मिळाल्याशिवाय देऊ नका. तुमच्या गाडीचं सगळं त्यात आहे.

काढताना बॅटरीचा मायनस काढून थोडा वेळ थांबा, चावी काढल्यावरही ईसीएम जरा वेळ जागा असतो. पिनांना बोट लावू नका. कपलरची पट्टी पूर्ण उघडली की तो आपोआप वर येतो, येत नसेल तर ओढू नका. आणि नंतर सर्व्हिसिंगला बोनेटमधे पाण्याचा पंप मारू देऊ नका.

पाचोरेकर

चला, भाच्याला सांगतो इमो परत चालू करून घे. रिपेअर झाला तर भरीत पार्टी पाहिजे पण.

केळीबाग

भरीत पक्कं, वांगी घरची. तुमच्या सांगण्यावरून इंजेक्टरच्या कोडचे फोटो काढायला गेलो तर तीन नंबरचा घासून गेलाय, शेवटची दोन अक्षरं वाचताच येत नाहीत. आता?

डबा_डॉक्टर (नाशिक)

जुन्या डब्यात चारही कोड आहेत. तो थंड असताना अजून चालतोय ना, मग मोठा स्कॅनर लावून वाचा आणि कागदावर लिहून घ्या, बाकीचे तीन फोटोशी जुळतात का तेही बघा. उद्याच करा, आणि ऊन चढायच्या आत.