ब्रेकचं सगळं नवीन टाकलं, तरी गाडी थांबत नाही. मदत हवी आहे

चौथंचाक
जुनी गाडी आहे. ब्रेक कमी लागत होते म्हणून पुढचे डिस्क पॅड, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देतो तो) आणि ब्रेक ऑइल नवीन टाकलं. ऑइलमधली एअरही काढली. तरी ब्रेक ढिलेच, उलट आधीपेक्षा वाईट वाटतात. आता काय बदलू? लवकर सांगा, गाडी रोज लागते. 'मेकॅनिकला दाखवा' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू.

वंगण
'ढिले' म्हणजे नक्की काय? पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, की पेडलच खाली जातंय? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गाडी कोणती, मागे डिस्क की ड्रम, एबीएस आहे का, तेही लिहा.

पाचवागिअर
बूस्टर, म्हणजे पेडलचा जोर वाढवणारा डबा, गेलाय. माझ्या गाडीला हुबेहूब हेच झालं होतं. बाकी कशाला हात लावू नका, सरळ बूस्टर बदला.

वंगण
@पाचवागिअर, अहो, बदलण्याआधी तपासा तरी! इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबायचं, मग तसंच दाबून धरून इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. मुळात बूस्टर गेला की पेडल कडक होतं. यांचं कडक आहे की मऊ, तेच अजून कळलेलं नाही.

किरकिर
नवे पॅड आवाज करत असतील तर पॅडच्या मागच्या पत्र्याला ब्रेकचं ग्रीस लावा. फक्त घासणाऱ्या बाजूला लागू देऊ नका.

सुटापार्ट
आवाजाचं कुणी विचारलंय?

चौथंचाक
पेडल मऊ आहे. पहिल्यांदा दाबलं की खूप खाली जातं, लगेच पुन्हा दाबलं की वर येतं. मागे ड्रम आहेत, पण त्यांना हात लावलेला नाही, प्रॉब्लेम तिथे नव्हताच. एबीएस नाही. गाडी कोणती याने काय फरक पडतो? ब्रेक सगळीकडे सारखेच.

वंगण
सारखे नसतात. काही गाड्यांत पुढची चाकं एका सर्किटवर (ऑइलच्या स्वतंत्र मार्गावर) आणि मागची दुसऱ्या, काहींत तिरक्या जोड्या. एअर काढायचा क्रम त्यावर ठरतो. पण दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं हे महत्त्वाचं सांगितलंत. एक तर आत हवा आहे, नाहीतर मागच्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासतो तो थर) आणि ड्रममध्ये फट जास्त आहे.

तापमापक
ऑइल कोणतं टाकलं? मी तर डॉट ५ टाका म्हणेन, उकळत नाही लवकर.

सुटापार्ट
कृपया असले सल्ले देऊ नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ३ किंवा ४ असलेल्या सिस्टिममध्ये ते मिसळत नाही. तुम्हाला ५.१ म्हणायचं असेल, ते वेगळं. आणि उकळण्याचा प्रश्न घाट उतरताना ब्रेक तापल्यावर येतो. यांचं पेडल थंड गाडीतच खाली जातंय.

तापमापक
५.१ च म्हणायचं होतं. पण जुनं ऑइल हवेतलं पाणी ओढतं हे तरी खरं ना? डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ती हद्द १५५पर्यंत येते.

सुटापार्ट
खरं आहे. पण त्यांनी ऑइल नवीन टाकलंय, धागा वाचा.

जॅकस्टँड
मास्टर सिलिंडर बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली होती का? कोरडा सिलिंडर तसाच बसवला तर हवा त्यातच अडकते, मग चाकांकडून कितीही ऑइल काढलं तरी ती हटत नाही. दुसरी गोष्ट, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) सोडवले असतील तर एअर काढायचा निपल वरच्या बाजूला आहे का बघा. डावा-उजवा बदलला तर निपल खाली जातो आणि हवा वरच राहते.

चौथंचाक
कॅलिपर काढले नव्हते. सिलिंडर बॉक्समधून काढून थेट बसवला. तो भरून घ्यायचा असतो असं बॉक्सवर कुठे लिहिलंय?

जॅकस्टँड
आता खोलायची गरज नाही. सिलिंडरच्या नळ्यांचे नट एकेक करून जरा सैल करा, मदतनीस पेडल हळू दाबेल, बुडबुडे थांबले की तो पेडल दाबून ठेवेल तेव्हाच नट आवळा. खाली फडकं धरा, ब्रेक ऑइल रंग खातं.

लांबपल्ला
इतकी खटपट कशाला? प्रत्येक चाकाचा रबरी पाइप क्लॅम्पने दाबून बघा. ज्याच्यावर पेडल घट्ट होईल तिथे दोष.

वंगण
जुना रबरी पाइप असा दाबला की आतून चिरतो, मग नवीनच दुखणं. चौथंचाक, त्यापेक्षा सोपं आहे. सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढा आणि मग पेडल दाबा. पेडल पहिल्या झटक्यालाच वर लागलं तर फट मागच्या ड्रममध्ये आहे.

पाचवागिअर
बूस्टरच्या व्हॅक्यूम पाइपमधला एकमार्गी व्हॉल्व्ह पण बघा.

चौथंचाक
हँडब्रेक ओढून बघितलं. पेडल बरंच वर येतं, पण घट्ट नाही, मऊपणा आहेच.

वंगण
मग दोन्ही आहे. ड्रम उघडा. लायनरची जाडी आणि व्हील सिलिंडरचं गळणं बघा, फट कमी-जास्त करणारा दातेरी ॲडजस्टर फिरतो का ते तपासा. आधी हँडब्रेकची केबल सैल करा, मग ॲडजस्टर फिरवा, ड्रम हाताने फिरवताना अगदी हलका घासेल इतपत. केबल शेवटी. उलटं केलं तर लायनर चुकीच्या जागी सेट होतात. गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको.

चौथंचाक
डावीकडचा ॲडजस्टर गंजून जाम होता, उजवा फिरतोय. लायनर जाड आहेत, गळती नाही. साफ करून दोन्ही सेट केले. नळ्यांचे नट सैल केल्यावर बुडबुडे निघाले, मागच्या सर्किटमधून जास्त. पेडल आता पहिल्याच दाबात वर आहे.

जॅकस्टँड
इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली सरकत गेलं तर नवा सिलिंडर आतून गळतोय, नवा पार्टही सदोष निघतो. सरकलं नाही तर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून काही वेळा हलके ब्रेक मारा, मधे गार होऊ द्या. पॅड डिस्कला बसेपर्यंत पूर्ण पकड येणार नाही.

चौथंचाक
धरून बघितलं, सरकत नाही. पहाटे रस्ता मोकळा असताना पॅड बसवतो.