दोन फाशांच्या सारणीत २१ चौकटी का चालत नाहीत?

संत्रानगरी_शिकवणी (नागपूर)

नमस्कार मंडळी. दहावीच्या मुलांकडून संभाव्यतेची उदाहरणं सारणी काढून सोडवून घेतोय. तीन ठिकाणी अडतंय.

पहिलं, दोन फासे टाकून बेरीज ७ येण्याची संभाव्यता. मुलं (३, ४) आणि (४, ३) एकच धरतात. मग निष्पत्ती उरतात २१, त्यांत बेरीज ७ च्या ३, म्हणून उत्तर १/७. बरोबर उत्तर १/६. "क्रम महत्त्वाचा आहे" म्हटलं तर विचारतात, दोन्ही फासे एकदमच टाकले, क्रम आला कुठून? प्रश्न रास्त आहे.

दुसरं, टोपलीत ६ संत्री, ४ गोड आणि २ आंबट. एकामागून एक दोन उचलली, पहिलं परत ठेवलं नाही. दोन्ही गोड असण्याची संभाव्यता काढायची. हे सारणीत कसं बसवायचं? आणि इथे जोड्या क्रमाशिवाय मोजल्या तरी उत्तर बरोबर येतं. मग फाशांतच काय बिघडतं?

तिसरं, दुहेरी सारणीत भागायचं कशाने? इथल्या कळमना फळबाजाराच्या धर्तीवर एक उदाहरण केलंय, आकडे मनचे आहेत:

बाग अ: बिनडाग १०२, डागी १८, एकूण १२०
बाग ब: बिनडाग ५८, डागी २२, एकूण ८०
एकूण: बिनडाग १६०, डागी ४०, एकूण २००

२२ कशावर लिहायचे, ४० वर, ८० वर की २०० वर, यातच अर्धा वर्ग चुकतो. सांगा जी.

---

चौकटवही

"क्रम" हा शब्दच सोडून द्या, गोंधळ तिथूनच होतो. फासे दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढंच मुलांना दिसायला हवं. एक तांबडा घ्या, एक पांढरा. चौकटीच्या वहीत ७ गुणिले ७ चा चौरस आखा, डावा वरचा कोपरा रिकामा ठेवा. वरच्या ओळीत तांबड्याचे १ ते ६, डाव्या रकान्यात पांढऱ्याचे १ ते ६. आतल्या ३६ चौकटींत बेरजा भरा. ७ ची तिरपी रांग आपोआप दिसते, तिच्यात ६ चौकटी. ६/३६, म्हणजे १/६.

आता मुलांनाच विचारा की तांबड्यावर ३ आणि पांढऱ्यावर ४ ही चौकट कुठे, आणि उलटी कुठे. दोन वेगळ्या जागा सापडतात. मग (३, ३) शोधायला लावा. ती एकच आहे, कर्णावर. म्हणजे त्या २१ जोड्या सारख्या वजनाच्या नाहीतच. १५ जोड्यांना प्रत्येकी दोन चौकटी, ६ जोड्यांना एकेक: १५ × २ + ६ = ३६. अनुकूल भागिले एकूण हे सूत्र निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे प्रत्येक येण्याची शक्यता सारखीच, असतील तरच चालतं, आणि २१ ची यादी ती अट मोडते. दोन्ही फासे पांढरे घेतले तरी ते पडतात पूर्वीसारखेच. आपल्याला ओळखू येत नाहीत, एवढाच फरक.

ही चूक मोठमोठ्यांनी केलेली आहे. फ्रेंच गणिती दालाँबेर यांनी १७५४ मध्ये नाणं दोनदा उडवून किमान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३ असावी असं मांडलं. पहिल्या वेळी छापा आला की पुढे उडवायची गरज नाही, म्हणून छापा, काटा-छापा, काटा-काटा अशा तीनच निष्पत्ती. दोन गुणिले दोनची सारणी काढली की "पहिल्यालाच छापा" ही एक निष्पत्ती दोन चौकटी व्यापते हे दिसतं, आणि उत्तर ३/४ येतं.

आता टोपली. "गोड, आंबट" अशी दोनच शीर्षकं देऊन सारणी काढू नका. मुलं तेच करतात आणि चारांपैकी एक म्हणून मोकळी होतात. प्रत्येक संत्र्याला नाव द्या: ग१, ग२, ग३, ग४, आ१, आ२. पहिलं उचललेलं डाव्या रकान्यात, दुसरं वरच्या ओळीत, आत ३६ चौकटी. तेच संत्रं दोनदा उचलता येत नाही, म्हणून कर्णाच्या ६ चौकटींवर काट मारा. उरल्या ३०.

गोड-गोडचा ४ गुणिले ४ चा तुकडा, त्यातल्या ४ खोडलेल्या, उरल्या १२. आंबट-आंबटच्या ४ मधून २ गेल्या, उरल्या २. मिश्र ८ + ८ = १६, तिथे कर्ण येतच नाही. दोन्ही गोड असण्याची संभाव्यता १२/३० = २/५, दोन्ही आंबट १/१५, एक-एक ८/१५. तिन्ही गटांची बेरीज ३० भरते का, हे प्रत्येक वेळी पाहायला लावा.

क्रमाशिवाय इथे का जमतं, याचं उत्तर त्या खोडलेल्या कर्णात आहे. कर्ण गेला की उरलेल्या प्रत्येक जोडीला बरोबर दोन चौकटी राहतात, कुणालाच एक नाही. त्यामुळे ३० चे १५ केले तरी वजन सारखंच: ६/१५ = २/५. फाशांत कर्ण जिवंत असतो, म्हणून तिथे निम्मं करता येत नाही. पहिलं संत्रं परत ठेवलं तर इथेही कर्ण परत येतो आणि उत्तर १६/३६ = ४/९ होतं.

---

रकाना_बेरीज

तिसऱ्याचं मी सांगते. मराठीत यासाठी "पैकी" हा फार कामाचा शब्द आहे. "पैकी" ज्याला चिकटतो तो छेद. डागी फळांपैकी एक उचललं, ते बाग ब चं असण्याची संभाव्यता: २२/४०. बाग ब च्या फळांपैकी एक उचललं, ते डागी असण्याची: २२/८०. सगळ्या फळांपैकी एक उचललं, ते बाग ब चं आणि डागीही असण्याची: २२/२००. अंश तोच, छेद तीन.

परीक्षेतल्या वाक्यात "पैकी" बहुधा नसतो. "फळ डागी निघाले, तर ते बाग ब चे असण्याची..." असं येतं. अशा वेळी "तर"च्या आधीचा भाग "पैकी" घालून पुन्हा लिहायला लावा. मग कागदाच्या पट्टीने बिनडाग आणि एकूण हे दोन्ही रकाने झाकायचे. जे उघडं राहिलं त्याची तळाची बेरीज म्हणजे छेद.

"किंवा"मध्ये वेगळी चूक होते. बाग ब चं किंवा डागी: मुलं ८० + ४० = १२० करतात, त्यात २२ फळं दोनदा मोजली जातात. ९८/२०० बरोबर. चौकटींना रंग दिला तर ५८ + २२ + १८ = ९८ हे सूत्राशिवाय दिसतं.

बाग आणि डाग यांचा संबंध आहे का, हेही याच सारणीतून कळतं. संबंध नसता तर बाग ब आणि डागी या चौकटीत ८० × ४० ÷ २०० = १६ फळं आली असती. आहेत २२. म्हणजे या २०० फळांत तरी दोन्ही घटना स्वतंत्र नाहीत.

आणि सारणी भरताना एकूणचे आकडे आधी लिहू द्या, चौकटी नंतर. दोन्हीकडून बेरीज २०० आली नाही तर पुढे जायचंच नाही.

---

संत्रानगरी_शिकवणी

कर्णाचं उत्तर उद्याच वर्गात दाखवतो, खूप आभार ताई आणि दादा. तीन फासे आले तर मात्र सारणी संपली ना? कागदावर तिसरी बाजू कुठून आणायची?

---

चौकटवही

संपत नाही. दोन फाशांच्या बेरजा डाव्या रकान्यात लिहा, २ ते १२, आणि प्रत्येकीशेजारी तिच्या चौकटींची संख्या: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. वर तिसरा फासा. आता आतली चौकट मोजायची नाही, तिच्या ओळीचं वजन मिळवायचं. इथे मुलं ११ × ६ = ६६ ने भागतात. छेद २१६ आहे, हे पानाच्या वर आधीच लिहून ठेवा.

बेरीज ९ साठी पहिल्या दोघांची बेरीज ३ ते ८ हवी: २ + ३ + ४ + ५ + ६ + ५ = २५. बेरीज १० साठी ४ ते ९ हवी: ३ + ४ + ५ + ६ + ५ + ४ = २७. हाच प्रश्न सतराव्या शतकात गॅलिलिओपुढे आला होता, कारण दोन्ही बेरजा आकड्यांच्या सहा-सहा गटांनीच होतात, तरी खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा येताना दिसे. मुलांकडून ते सहा-सहा गट लिहून घ्या आणि प्रत्येकापुढे तो २१६ पैकी किती प्रकारे पडतो ते मांडू द्या. ९ च्या यादीत ३-३-३ आहे, तो एकाच प्रकारे पडतो. १० च्या यादीत तिन्ही आकडे सारखे असलेला गटच नाही.