मदत हवी आहे: कर्नल सेल्फटेस्टमध्ये स्किप झालेली टेस्ट नुसती 'ओके' दिसते

बूटलोडर:
लिनक्स कर्नलच्या टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स या डिरेक्टरीत दोन नव्या टेस्ट टाकायच्या आहेत. पहिली बॅश स्क्रिप्ट आहे, नेटवर्क नेमस्पेस (बाकी सिस्टमपासून वेगळं नेटवर्क) बनवून चालणारी. दुसरा सी प्रोग्राम आहे, केसेल्फटेस्ट डॉट एच ही हेडर फाइल वापरणारा, त्यात ६ सबटेस्ट. कर्नलमध्ये लागणारा कॉन्फिग बंद असेल तर दोन्ही स्किप व्हायला (न चालवता वगळल्या जायला) हव्यात. पण रनर (टेस्ट चालवून निकाल छापणारी स्क्रिप्ट) असं छापतो (डिरेक्टरीचं नाव गाळलं आहे):

# स्किप: नेमस्पेस बनत नाही
ओके १ सेल्फटेस्ट्स: नेमस्पेस.एसएच
# # टोटल्स: पास:० फेल:० एक्सफेल:० एक्सपास:० स्किप:६ एरर:०
ओके २ सेल्फटेस्ट्स: फ्लॅग_टेस्ट

एकही तपासणी झालेली नाही, तरी दोन्ही ओके! स्क्रिप्टमध्ये केएसएफटी_स्किप=४ लिहिलंय आणि बाहेर पडताना तोच कोड दिलाय. चूक कुठे आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.

तळटीप:
आधी एक गोष्ट पक्की करा: रनर तुमचा मजकूर वाचतच नाही. रनर.एसएच फक्त एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) बघतो. ० आला तर ओके. ४ आला तर ओके आणि पुढे # स्किप. १२४ आला तर नॉट ओके आणि # टाइमआउट; ही मुदत मुळात ४५ सेकंदांची असते, डिरेक्टरीतल्या सेटिंग्ज फाइलमध्ये ती बदलता येते. बाकी काहीही आलं तर नॉट ओके. त्यामुळे स्क्रीनवर 'स्किप' दिसलं याला काही किंमत नाही. तुमच्या स्क्रिप्टचा ४ वाटेत कुठेतरी हरवतोय. ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारा भाग) लावलाय का? लावला असेल तर तो भाग इथे टाका.

बूटलोडर:
हो, ट्रॅप आहे:

क्लीनअप() {
  आयपी नेटएनएस डेल "$एनएस" २>/डेव्ह/नल
  एक्झिट ०
}
ट्रॅप क्लीनअप एक्झिट

तळटीप:
सापडलं. त्या 'एक्झिट ०'नेच तुमचा ४ खाल्ला. एक्झिट ट्रॅपच्या आत पुन्हा एक्झिट म्हटलं की शेल नवा कोड घेऊन बाहेर पडतो, आधीचा विसरतो. ती ओळ काढून टाका; ट्रॅपमध्ये एक्झिट नसेल तर मूळ कोड तसाच टिकतो. आणि हे फक्त स्किपपुरतं नाही. टेस्ट १ देऊन नापास झाली असती तरी तुमच्याकडे ओकेच दिसलं असतं, म्हणून ही दुरुस्ती आजच करा.

४ हरवण्याच्या आणखी दोन जागा सांगतो, कारण हीच स्क्रिप्ट पुढे वाढली की तिथे ठेच लागते. एक, तपासणीचं फंक्शन $( ) मध्ये बोलावलं तर आतला एक्झिट फक्त सबशेल संपवतो, स्क्रिप्ट पुढे चालू राहते. दोन, हाताने चालवताना पुढे पाइप देऊन टी (आउटपुट फाइलमध्येही लिहिणारी कमांड) लावली तर कोड टीचा मिळतो, टेस्टचा नाही. सेट -ओ पाइपफेल करा, नाहीतर थेट चालवून लगेच $? बघा.

खोलपाणी:
सी प्रोग्रामचं दुखणं वेगळं आहे. तुम्ही शेवटी केएसएफटी_फिनिश्ड() बोलावत असणार. ते पास, एक्सफेल (अपेक्षित नापास) आणि स्किप यांची बेरीज करून प्लॅनच्या आकड्याशी, म्हणजे आधी जाहीर केलेल्या सबटेस्टच्या संख्येशी, ताडून बघतं. ० + ० + ६ = ६, हिशेब जुळला, म्हणून एक्झिट ०. सहाच्या सहा स्किप झाल्या तरी त्याच्या लेखी प्रोग्राम पास. केयुनिटमधून (कर्नलच्या दुसऱ्या टेस्ट चौकटीतून) इकडे येणारे इथे हमखास फसतात, कारण तिथे सगळ्या केस स्किप झाल्या की अख्खा सूट स्किप म्हणून नोंदला जातो. इथे तसं नाही.

उपाय: कर्नलमध्ये ती सोय आहे का, हे सुरुवातीलाच एकदा तपासा, केएसएफटी_सेट_प्लॅन() च्या आधी. नसेल तर केएसएफटी_एक्झिट_स्किप("कारण"). ते '१..० # स्किप कारण' छापून ४ देऊन बाहेर पडतं. क्रम इथे फार महत्त्वाचा. प्लॅन छापून झाल्यावर हेच बोलावलंत तर '१..६' ची घोषणा वर राहते आणि खाली एकच 'ओके ... # स्किप' ओळ येते. वाचणाऱ्या पार्सरला उरलेल्या पाच कुठे गेल्या ते कळत नाही.

काही सबटेस्ट चालतात, काही नाही, अशी स्थिती असेल तर प्रत्येक न चाललेल्या सबटेस्टसाठी केएसएफटी_टेस्ट_रिझल्ट_स्किप() वेगळं बोलावा. लूपमध्ये नुसतं कंटिन्यू करू नका. तसं केलं की 'प्लॅन्ड टेस्ट्स != रन टेस्ट्स' असा इशारा येतो आणि वरची बेरीज जुळत नसल्याने प्रोग्राम नापास होतो.

फोर्क करत असाल (प्रोग्राममधून दुसरी, चाइल्ड प्रोसेस काढत असाल) तर चाइल्डचा ४ आपोआप वर येत नाही. पेरेंटने वेटपिड करून डब्ल्यूएक्झिटस्टेटसने तो काढायचा आणि निकाल स्वतः नोंदवायचा.

बूटलोडर:
दोघांचेही मनापासून आभार. 'एक्झिट ०' काढल्याबरोबर पहिली ओळ 'ओके १ ... # स्किप' झाली. सी मध्येही तपासणी प्लॅनच्या आधी नेली. आता प्रश्न त्या तपासणीचा. सध्या सिस्टम कॉल -१ देतो की लगेच स्किप करतोय. हे बरोबर आहे का?

खोलपाणी:
नाही, हे बदलाच. स्किप म्हणजे 'इथे ही टेस्ट चालवणं शक्यच नाही'. 'कॉल फसला' हा त्याचा अर्थ नव्हे. एररनो (कॉल का फसला ते सांगणारा कोड) बघून ठरवा.

ईनोसिस: सिस्टम कॉलच नाही. स्किप.

ईपर्म: परवानगी नाही. आधी जीईटीईयूआयडी() (प्रोग्राम कोणत्या युजरच्या हक्काने चालतोय ते) बघा. रूट नसाल तर स्किप, आणि कारणात 'रूट हवा' असं स्पष्ट लिहा. रूट असूनही ईपर्म आला तर माझ्या मते नापास. अपवाद कंटेनरचा, तिथे सेककॉम्प (सिस्टम कॉल अडवणारं) फिल्टर रूटलाही ईपर्म देऊ शकतं. म्हणून कर्नलच्या टेस्ट व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवाव्यात, कंटेनरमध्ये नाही.

ईइनव्हॅल: आर्ग्युमेंट अवैध. सर्वांत धोक्याचा. फ्लॅग ओळखीचा नसेल तरी हाच येतो आणि कर्नलमध्ये आर्ग्युमेंट तपासणारा कोड बिघडला तरी हाच. सरसकट स्किप केलंत तर जो बिघाड पकडायला टेस्ट लिहिली तोच झाकला जाईल. सुरुवातीच्या तपासणीत फक्त तो फ्लॅग आणि बाकी सगळी साधी, वैध आर्ग्युमेंट देऊन एकच कॉल करा. ईइनव्हॅल आला तर स्किप. तो कॉल पार पडला, तर नंतरच्या सबटेस्टमध्ये आलेला प्रत्येक अनपेक्षित ईइनव्हॅल नापास.

मॅलॉक फसला, तात्पुरती फाइल उघडली नाही, हे स्किप नाहीच. तिथे केएसएफटी_एक्झिट_फेल_एमएसजी().

तळटीप:
यात एक भर. लागणारे कॉन्फिग तुमच्या डिरेक्टरीतल्या 'कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये लिहिलेत का? 'मेक केसेल्फटेस्ट-मर्ज' त्याच फाइली कर्नलच्या डॉट-कॉन्फिगमध्ये मिसळतं, मग कर्नल नव्याने बांधून बूट करायचा. ती ओळ राहिली तर ज्यांचं सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) या फाइलींवर चालतं त्यांच्याकडे तुमची टेस्ट कायम स्किपच होत राहील, आणि रंग हिरवा असल्याने कुणी विचारणारही नाही.

बूटलोडर:
फाइल होती, पण त्यात कॉन्फिग_नेट_एनएस=वाय नव्हतं. टाकलं. सीआयच्या लॉगमधून स्किप मोजायच्या तर 'ओके'ने सुरू होणाऱ्या ओळींत '# स्किप' शोधणं पुरेल का?

तळटीप:
अर्धंच काम होईल. रनर टेस्टच्या आतल्या प्रत्येक ओळीआधी '# ' लावतो. त्यामुळे ओळीच्या सुरुवातीला 'ओके' शोधलंत तर फक्त अख्ख्या प्रोग्रामचे स्किप मिळतील. सबटेस्टचे हवे असतील तर '# ओके'ने सुरू होणाऱ्या ओळीही धरा आणि दोन्ही आकडे वेगळे ठेवा. अपेक्षित स्किपची यादी रेपोमध्येच ठेवा, नाव आणि कारण दोन्हीसह. यादीबाहेर एक जरी नवी स्किप आली तरी सीआय लाल झालं पाहिजे.