मूकपटांच्या काळातले थिएटरमालकांचे अभिप्राय: 'गावाला आवडला' म्हणजे नक्की काय समजायचं?

रीळवेडा (प्रश्न)

अमेरिकेतल्या लहान गावांत १९२० ते १९२७ या काळात कोणते मूकपट चालत होते, याचा अभ्यास चालू आहे. मुख्य साधन म्हणजे शिकागोच्या 'एक्झिबिटर्स हेरल्ड' या साप्ताहिकातलं 'व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी' हे सदर. गावोगावचे थिएटरमालक त्यात दोनचार ओळींत पिक्चरचा निकाल लावून टाकतात. साधारण तीनशे अभिप्राय उतरवून झालेत, आणि आता गोंधळ असा:

१. एकाच पिक्चरला एका गावाहून 'वर्षातला सर्वोत्तम' आणि दुसऱ्या गावाहून 'पैसे पाण्यात' असं येतं. दोन्ही गावं दोन-दोन हजार वस्तीची, दोन्ही शेतकऱ्यांची. आवड एवढी वेगळी असेल का?

२. 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड'च्या तशाच सदरात टक्के दिलेले असतात. त्यांची सरासरी काढावी का?

३. आपल्याकडे असं काही साधन आहे का?

---

गल्लापेटी

आधी सदराचं नावच नीट वाचा. 'पिक्चरनं *माझं* काय भलं केलं?' हा तिथला प्रश्न. प्रेक्षकांना काय वाटलं ते त्यात ओघानं येतं. बोलतोय तो गल्ल्यावर बसलेला माणूस, आणि आवड-नावड तो भाडं वजा करूनच सांगतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

एक हिशेब मांडून बघा. आकडे समजण्यापुरते कल्पित आहेत. अडीचशे खुर्च्या, संध्याकाळी दोन खेळ. साधा कार्यक्रमी, म्हणजे रोजच्या खेळाचा स्वस्त पिक्चर लावला: २५ सेंटची १८० मोठी तिकिटं, १० सेंटची ६० मुलांची, मिळून ५१ डॉलर. पिक्चरचं भाडं साडेबारा, पोस्टर आणि रिळांच्या पेटीची ने-आण ३, पियानोवाली, ऑपरेटर, वीज वगैरे १०. हाती राहिले साडेपंचवीस. आता 'स्पेशल', म्हणजे मोठा, महागडा पिक्चर लावला. तिकीट चढवून ३५ आणि १५ सेंट केलं. मोठे २२० आले, मुलं ७०. गल्ला साडेसत्त्याऐंशी. पण भाडं ५०, मोठी पोस्टरं आणि ने-आण मिळून ८, बाकी खर्च तोच १०. राहिले साडेएकोणीस. हॉल जास्त भरला, लोक खूश होऊन गेले, आणि मालक सहा डॉलरनं मागे. तो लिहिणार, 'पिक्चर चांगला, पण आमच्यासारख्यांनी लांब राहावं.' शेजारच्या गावातल्यानं घासाघीस करून तोच पिक्चर २५ डॉलरला घेतला असेल, तर त्याला तो वर्षातला सर्वोत्तम वाटणारच. प्रेक्षक दोन्हीकडे तेच.

म्हणून तक्त्यात 'लोकांना आवडला का' आणि 'मालकाला परवडला का' हे दोन रकाने वेगळे करा. बहुतेक अभिप्रायांत ही दोन वाक्यं वेगळी सापडतात. 'पण' या शब्दावर लक्ष ठेवलं की पुरे.

तिसरा रकाना कंपनीचा. फेमस प्लेअर्स-लास्की, म्हणजे पॅरामाउंटवाले, पिक्चर गठ्ठ्यानं विकत. हवे ते चार घ्यायचे तर नको ते दहाही घ्या. त्याविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशननं १९२१ मध्ये तक्रार दाखल केली आणि १९२७ मध्ये मनाईचा हुकूम काढला. त्यामुळे गठ्ठ्यातल्या एखाद्या सामान्य पिक्चरला शिव्या पडल्या असतील, तर त्यातल्या काही गठ्ठ्याला आहेत असं समजा. युनायटेड आर्टिस्ट्सचं उलटं. १९१९ मध्ये निघालेली ही कंपनी प्रत्येक पिक्चर सुटा विकायची, पण भाव चढा. त्यांच्याविषयीची कुरकुर जवळजवळ कायम पैशांची असते.

चौथा रकाना वाराचा, आणि लोक नेमका तोच विसरतात. शनिवारी शेतकरी कुटुंब घेऊन बाजाराला गावात यायचा. मालक त्या दिवशी ठरवून टॉम मिक्स किंवा हूट गिब्सनचा घोडेस्वारीचा पिक्चर आणि जोडीला दोन रिळांची कॉमेडी लावायचे. मग 'वेस्टर्न गावात चालतो' हा निष्कर्ष कितपत वेस्टर्नचा आणि कितपत शनिवारचा? मंगळवारी लागलेले वेस्टर्न वेगळे काढून बघा.

१९२१-२२ चे आयोवा, नेब्रास्काकडचे अभिप्राय जरा जपून वापरा. महायुद्धानंतर धान्याचे भाव कोसळले होते, मक्याला भाव नव्हता, तर तिकिटाला पैसे कुठून येणार? त्या हंगामात सगळेच पिक्चर 'पडलेले' दिसतात. करही बदलत गेला. १९१७ च्या कायद्यानं तिकिटावर १० टक्के कर बसला. १ जानेवारी १९२२ पासून १० सेंटपर्यंतचं तिकीट त्यातून सुटलं, आणि १९२४ मध्ये ५० सेंटपर्यंतचं. वेगवेगळ्या वर्षांतले गल्ले शेजारी मांडताना हे लक्षात असू द्या.

---

कार्बनआर्क

वरच्या प्रतिसादात एक मोठी गोष्ट राहिली. गावानं पाहिलेला पिक्चर आणि शहरानं पाहिलेला पिक्चर एकच नसायचा.

प्रिंट आधी मोठ्या शहरात, मग मधल्या गावांत, आणि फिरत फिरत खेड्यात पोचायची तोवर कित्येक महिने, कधी वर्षही उलटलेलं. तोपर्यंत उभ्या चरे-ओरखड्यांनी पडद्यावर पाऊस पडत असायचा. चौकटीमागे, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्रामागे, चार या हिशेबानं कडेला जी भोकं असतात ती फाटलेली. प्रत्येक ऑपरेटर फाटका तुकडा कापून टोकं चिकटवायचा. जोड जाड किंवा ताठ झाला की तो मशीनच्या दारात, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते तिथे, उडी मारतो, फिल्मचा वरचा-खालचा सैल फास सुटतो आणि चित्र पडद्यावर नाचायला लागतं. जोडामागून जोड लागत १००० फुटांचं रीळ ९०० वर आलं, तर ८० फूट मिनिटाच्या वेगानं सव्वा मिनिट गेलं. त्यात नेमकी संवादाची पाटी गेली असेल, तर 'लोकांना गोष्ट कळली नाही' हा अभिप्राय खरा, पण दोष दिग्दर्शकाचा नाही. म्हणूनच बरेच मालक 'प्रिंट चांगली होती' असं मुद्दाम लिहितात. तो शेरा आहे की नाही, याचाही रकाना ठेवा.

दुसरं, लांबी. ३५ मिमीच्या एका फुटात १६ चौकटी. १००० फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींनी चालवलं तर १६ मिनिटं ४० सेकंद. पण विसाच्या दशकात थिएटरात वेग वाढलेला होता. मिनिटाला ८० फूट धरले तर साडेबारा मिनिटं. पाच रिळांचा पिक्चर आणि दोन रिळांची कॉमेडी मिळून ८७-८८ मिनिटं. सातला पहिला खेळ सुरू केला की दुसरा दहा-सव्वादहाला सुटतो. दहा रिळांचा स्पेशल मात्र १२५ मिनिटांचा. दुसरा खेळ सव्वाअकराच्या पुढे संपणार, तोही दोन मशीन असतील तर. एकच मशीन असेल तर दर रिळाला थांबून नवं रीळ चढवायचं, म्हणजे आणखी पंधरा-वीस मिनिटं. पहाटे गाई पिळायला उठणारा माणूस बसेल का एवढा वेळ? मग मालक एक तर दुसरा खेळ सोडून देतो, नाहीतर ऑपरेटरला मशीन पळवायला सांगतो. १०० फुटांच्या वेगानं दहा रिळं १०० मिनिटांत उरकतात, पण गंभीर प्रसंगात माणसं तुरुतुरु पळताना दिसतात आणि लोक नको तिथे हसतात. 'फार लांबलेला' हा शेरा गावच्या लोकांच्या आकलनाविषयी नाही, घड्याळाविषयी आहे.

---

रीळवेडा

दोघांचेही आभार. तक्ता नव्यानं आखावा लागणार असं दिसतंय. ऐतिहासिक पोशाखी पिक्चरांचं काय? 'कॉश्च्युम' शब्द आला की मालक भडकतातच. तीही नुसती भाड्याचीच तक्रार म्हणायची?

---

गल्लापेटी

सगळी नाही. पोशाखी पिक्चर महाग आणि लांब असायचे, त्यामुळे वरची दोन्ही कारणं लागू होतातच. पण स्वस्तात मिळालेल्या पोशाखी पिक्चरवरही नाराजी दिसते. तेव्हा आवडीचा भाग आहे, हे मान्य करावं लागतं. पडद्यावरचं घर, कुंपण, घोडा ओळखीचा असला की गावाला बरं वाटायचं. चार्ल्स रे या नटाचं उदाहरण इथे चपखल बसतं. भोळ्या गावरान पोराच्या भूमिकांवर तो मोठा झाला. मग १९२३ मध्ये स्वतःचा पैसा ओतून 'द कोर्टशिप ऑफ माइल्स स्टँडिश' हा पोशाखी पिक्चर काढला. तो आपटला आणि रे दिवाळखोरीत गेला. त्याचे आधीचे आणि नंतरचे पिक्चर धरून अभिप्राय क्रमानं लावा. नट तोच ठेवून कपडे बदलल्यावर काय होतं, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणं कठीण.

---

पाटीवाचक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. टक्क्यांची सरासरी काढू नका.

'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड'च्या त्या सदराचं नाव 'स्ट्रेट फ्रॉम द शोल्डर'. विसाच्या दशकाच्या मध्यात ते छापील नमुन्यावर उत्तरं मागवायचे: पिक्चरचा सूर ठीक आहे का, रविवारी दाखवण्याजोगा आहे का, लोकांना किती टक्के आवडला. हा टक्का कोणी मोजलेला नाही. बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघून दाराशी उभ्या मालकानं मारलेला तो अंदाज आहे. एक जण सगळ्यालाच नव्वद देतो, दुसऱ्याच्या लेखी सत्तर म्हणजे डोक्यावरून पाणी. उपाय सोपा आहे. ज्या मालकाचे किमान पंधरा-वीस अभिप्राय आहेत तेवढेच घ्या, त्याचे त्याचेच पिक्चर वर-खाली क्रमानं लावा, आणि मग वेगवेगळ्या मालकांचे क्रम ताडून बघा. टक्के विसरा, क्रम ठेवा.

'रविवारी दाखवण्याजोगा' हा रकाना मात्र फुकट घालवू नका. चर्चवाल्या गावात मालकाला काय सांभाळावं लागत होतं, ते तिथे सरळ दिसतं.

लिहिणारे कोण, हेही बघायला हवं. तेच तेच मालक आठवड्यामागून आठवडे लिहितात. नेब्रास्कातल्या नीली गावचे जे. सी. जेनकिन्स तर इतके रंगून लिहायचे की पुढे 'हेरल्ड'नं त्यांना गावोगाव फिरून स्तंभ लिहायला ठेवलं. वाचायला मजा येते, पण खुमासदार लिहिणाऱ्याचं मत जास्त वेळा छापलं जातं म्हणून ते जास्त गावांचं ठरत नाही. तीनशे अभिप्राय किती मालकांचे आहेत, ते आधी मोजा. साठ निघाले तर तुमचा नमुना साठांचा आहे.

अभिप्रायाच्या शेवटी येणारा 'सर्वसाधारण प्रेक्षक' हा शेराही तपासून घ्या. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळ्या गॅलरीत बसवत किंवा आतच घेत नसत. तिथला 'सर्वसाधारण' म्हणजे बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरचा गोरा प्रेक्षक.

---

तंबूतली_बाकडी

तिसरा प्रश्न. दर आठवड्याचं सदर नाही, पण सर्वांत जवळचं साधन म्हणजे इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या साक्षी. अध्यक्ष दिवाण बहादुर टी. रंगाचारियार. नेमणूक १९२७ ची, अहवाल १९२८ चा. अहवालापेक्षा साक्षींचे खंड उघडा. थिएटरमालक, वितरक, निर्माते यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं तिथे एकापाठोपाठ एक छापली आहेत.

फरक एवढाच की 'हेरल्ड'मध्ये मालक आपणहून आपल्या धंदेभावांना सावध करतो. समितीपुढे तो सरकारला उत्तर देतोय, आणि सरकारला साम्राज्यातल्या, म्हणजे ब्रिटिश चित्रपटांना वाव द्यायचा होता. त्यामुळे उत्तर वाचण्याआधी प्रश्न वाचायचा. 'पौराणिक चालतात की सामाजिक' यावर साक्षीदार सहज बोलतात, करावर आणि सेन्सॉरवर मोजून मापून.

आपल्याकडे आणखी एक घटक होता, पाट्यांची भाषा. एकाच पाटीवर दोन-तीन लिपी असायच्या, तरी वाचता न येणारा प्रेक्षक मोठा. म्हणून पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस ठेवत. परदेशी पिक्चर गावात का चालला किंवा का पडला, हे ठरवताना तो माणूस हिशेबात धरावा लागतो. अमेरिकन सदरात हा रकानाच नाही.

जाहिरातींवरून लोकप्रियता ठरवू नका, हे जाता जाता. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) ती प्रसिद्ध जाहिरात सांगतात ना, सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत? फुटाला १६ चौकटी धरल्या तर ५७,००० भागिले १६ म्हणजे ३,५६२ फूट. पाऊण मैलसुद्धा भरत नाही.

---

पाटीवाचक

शोधाबद्दल एक राहिलं. हे अंक मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत मोफत आहेत, पण अक्षरओळख यंत्रानं केलेली असल्यामुळे पिक्चरची नावं बिघडलेली असतात, आणि छपाई तीन-चार स्तंभांची असल्यामुळे एका अभिप्रायाचं शेपूट दुसऱ्याला चिकटतं. पिक्चरच्या नावाऐवजी थिएटर आणि गाव एकत्र टाकून शोधा, एका मालकाचे सगळे अभिप्राय हाती लागतात. अंकाची तारीख ही खेळाची तारीख नाही, मध्ये काही आठवडे गेलेले असतात. खेळाचा वार आणि तिकिटाचा दर हवा असेल तर त्या गावच्या वर्तमानपत्रातली जाहिरात काढा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर अनेक लहान गावांची पत्रं आहेत. वस्तीसाठी १९२० ची जनगणना.

आणि पिक्चर स्वतः बघून ताडायचा विचार असेल, तर आधी तो उरलाय का ते बघा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे १९१२ ते १९२९ मधल्या १०,९१९ अमेरिकन मूक कथापटांपैकी मूळ रूपात, पूर्ण ३५ मिमी प्रतीत उरलेत फक्त १४ टक्के. तुमच्या यादीतल्या बऱ्याच पिक्चरांबद्दल या मालकांच्या दोन ओळींवरच भागवावं लागेल.

---

रीळवेडा

मोजले. तीनशे सात अभिप्राय, मालक एकूण एकेचाळीस. शनिवारचे वेगळे काढायला घेतो.