‘माउंटन्स अँड सी’: पोलॉक यांच्यापलीकडचे ऋण

अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलर यांचे ‘माउंटन्स अँड सी’ (१९५२) हे चित्र म्हणजे अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्या तंत्राचेच पुढचे पाऊल, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. कॅनव्हास जमिनीवर अंथरण्याची मोकळीक त्यांनी पोलॉक यांच्याकडून घेतली हे खरे. परंतु पोलॉक यांच्या ठिबकचित्रांत (रंग ठिबकवून केलेल्या चित्रांत) दाट रंग पृष्ठभागावर साचतो, तर येथे टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग अस्तर न लावलेल्या कापडात इतका मुरतो की दोन्ही वेगळे काढताच येत नाहीत. कोळशाच्या रेषा आणि मोकळे सोडलेले कापड पाहताना मला फ्रेंच चित्रकार सेझान यांची जलरंगचित्रेच अधिक जवळची वाटतात. शिवाय हे चित्र काढण्याआधीच्या उन्हाळ्यात फ्रँकेन्थेलर स्वतः कॅनडातील नोव्हा स्कोशियात जलरंगांत निसर्गचित्रे करीत होत्या, हा दुवा फार महत्त्वाचा आहे. पुढे १९५३ मध्ये मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंड या अमेरिकन चित्रकारांनी हे चित्र पाहिले व त्यांच्या कामाची दिशाच बदलली.